ओढ्याकाठचं वाळुंज आणि हिमालयातला फर : फरक काय, उपयोग काय, आणि आपल्या रानात लावायचं कोणतं?

भोर / वेल्हे (राजगड) : उन्हाळ्यात ओढ्याचा गाळ काढायला जेसीबी आला की काठावरची झाडं पहिली जातात. त्यात वाळुंज हमखास असतं. त्याला खायचं फळ नाही, घराला तुळई निघत नाही, त्यामुळं ते वाचवायला कोणी पुढं येत नाही. दुसरीकडं फार्महाऊसच्या कंपाउंडला शोभा म्हणून नर्सरीतून ‘फर’ किंवा ‘ख्रिसमस ट्री’ या नावाची रोपं पैसे मोजून आणली जातात. आता काही शेतकरीही बांधावर तसली झाडं लावावीत का, असं विचारू लागलेत.

म्हणून या दोन झाडांची माहिती एकत्र देत आहोत. एक आपल्या पाण्यातलं, एक बर्फातलं. दोन्हींचा आपल्या घराशी संबंध आहे. एकाच्या भाईबंदाची बॅट पोरांच्या हातात आहे, दुसऱ्याचं पान खोकल्याच्या चूर्णात आहे. पण रानात लावायचा प्रश्न आला की उत्तर एकच निघतं. ते का, हे खाली सविस्तर वाचा.

थोडक्यात

• वाळुंज म्हणजे आपल्या देशातली विलो. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. नदी-ओढ्याच्या काठाचं झाड.
• फर म्हणजे हिमालयातलं सूचिपर्णी झाड. त्यातल्या एका जातीच्या पानांना आयुर्वेदात तालीसपत्र म्हणतात.
• फर आपल्या दोन्ही तालुक्यांत वाढणार नाही. त्या नावानं जे विकलं जातं ते बहुतेक वेळा वेगळंच झाड असतं.
• वाळुंज फांदी रोवून फुकट लावता येतं आणि काठाची माती धरून ठेवतं.
• दोन्ही झाडांची औषधं आहेत, पण घरच्या घरी साल किंवा पाला उकळून पिऊ नये.

वाळुंज कसं ओळखायचं?

नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठानं, जिथं वर्षभर ओल राहते तिथं हे झाड बघायचं. उंची मध्यम. खोडाची साल करड्या रंगाची, उभ्या भेगा पडलेली. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, टोकाला निमुळतं. पानाची वरची बाजू हिरवी, खालची बाजू पांढुरकी. वारा सुटला की पानं उलटतात आणि सगळं झाड चंदेरी दिसतं. लांबून ओळखायची ही सोपी खूण आहे.

पावसाळा सरल्यावर झाड पानं टाकतं, मग नवी पालवी आणि तुरे येतात. तुरे बोटाएवढे लांब, लव असलेले, पिवळसर. यात एक गंमत आहे. वाळुंजात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नराच्या तुऱ्यात परागकण असतात. मादीच्या तुऱ्यात बारीक बोंडं धरतात, ती फुटली की कापसासारखी म्हातारी उडते. त्या कापसात अगदी बारीक बी असतं. टेट्रास्पर्मा या नावाचा अर्थ ‘चार बियांचं’ असा आहे. हे नाव विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस दिलं.

लांब पानामुळं काही जण वाळुंजाला निलगिरी समजतात. पान चुरगाळून वास घ्या. निलगिरीला उग्र तेलकट वास येतो, वाळुंजाला येत नाही. नदीच्या खडकांत कंबरेएवढी वाढणारी शेरणी हीसुद्धा लांब पानाची असते, पण ते झुडूप आहे, झाड नाही. बागेत फांद्या जमिनीकडं लोंबणारी जी विलो लावतात ती वेगळी जात, मूळची चीनची.

वाळुंज हे नाव आपल्याला नवीन नाही. पुरंदर तालुक्यात वाळुंज नावाचं गाव आहे आणि पुणे जिल्ह्यात वाळुंज आडनावाची घरं भरपूर आहेत. संस्कृतात याला जलवेतस म्हणतात. मात्र ज्याच्या खुर्च्या विणतात तो वेत वेगळा. तो ताडाच्या कुळातला काटेरी वेल आहे.

फर म्हणजे नेमकं काय?

फर हे एका झाडाचं नाव नाही, ते एका गटाचं नाव आहे. शास्त्रीय भाषेत त्या गटाला एबीज म्हणतात. पाइन, देवदार, स्प्रूस यांच्याच कुळातला हा गट. हिमालयात याच्या काही जाती आहेत. त्यातली एबीज पिंड्रो ही पश्चिम हिमालयात जास्त दिसते, तिला हिमाचलात तोस असंही म्हणतात. त्याहून उंचावर वाढते ती एबीज स्पेक्टॅबिलिस. हिचं जुनं नाव एबीज वेबियाना. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तालीसपत्रापुढं अजूनही हे जुनंच नाव छापतात.

ही उंचावरची फर साधारण २,८०० ते ४,००० मीटर उंचीवर वाढते. झाड सरळ, उंच, पन्नास मीटरपर्यंत जाऊ शकतं. पान म्हणजे चपटी सुई, खालच्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा आणि टोकाला बारीक खाच. फुलं नसतात, शंकू असतात. फरचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे राहतात. पाइनचा शंकू अख्खा खाली पडतो. फरचा शंकू पिकला की झाडावरच खवल्या-खवल्यांनी सुटतो आणि मधला दांडा तेवढा फांदीवर उरतो. फर आणि पाइन ओळखायला एवढं पुरतं.

पुरासाठी घडलेलं झाड, बर्फासाठी घडलेलं झाड

दोन्ही झाडांचा मूळ फरक शाळेच्या पुस्तकात आहे. वाळुंज सपुष्प वनस्पती, म्हणजे फूल येऊन बोंडात बी धरणारी. फर अनावृतबीजी, म्हणजे बी फळात बंद नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं असतं. पण शेतकऱ्याच्या कामाचा फरक वेगळा आहे. प्रत्येक झाडाचं अंग कोणत्या संकटासाठी घडलंय, ते बघायला हवं.

वाळुंजाचं संकट म्हणजे पूर. त्याच्या फांद्या लवचिक असतात. पाण्याचा लोंढा आला की त्या वाकतात आणि पाणी वरून जातं. एखादी फांदी तुटून वाहून गेली आणि खाली चिखलात अडकली, तर तिथं मुळं धरून नवं झाड उभं राहतं. खोड पाण्यात बुडालं तर बुडालेल्या भागातून नवी मुळं फुटतात. बाकीच्या झाडांची मुळं चिखलात हवा न मिळाल्यानं कुजतात. वाळुंजाच्या मुळांत हवा खेळायला पोकळ जागा असते, त्यामुळं ती तग धरतात. काठाच्या पाण्यात हात घातला तर त्याच्या बारीक तंतूमुळांची जाळी हाताला लागते. काठाची माती धरून ठेवते ती हीच जाळी.

फरचं संकट म्हणजे बर्फ. म्हणून झाडाचा आकार देवळाच्या शिखरासारखा निमुळता. फांद्यांवर बर्फ साचला तरी तो घसरून खाली पडतो, फांदी मोडत नाही. पान सुईसारखं बारीक आणि मेणचट, त्यामुळं जमीन गोठून पाणी मिळत नसताना पानातलं पाणी उडून जात नाही. आतल्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अगदी अरुंद असतात. थंडीत पाणी गोठून पुन्हा वितळलं तरी त्या सहसा बंद पडत नाहीत. वाळुंजाच्या नळ्या रुंद. त्या भराभर पाणी ओढतात आणि झाड भराभर वाढतं.

म्हणजे एक झाड पाणी जास्त झालं तर कसं जगायचं हे जाणतं, दुसरं झाड पाणी गोठलं तर कसं जगायचं हे जाणतं. आपल्या दोन तालुक्यांत पावसाळ्यात पाणी जास्त होतं. गोठत मात्र कधीच नाही.

वाढ आणि नवं रोप

वाळुंज घाईचं झाड. ओलीत रोवलेली फांदी दोन-तीन पावसाळ्यांत डोक्याच्या वर जाते. बुंध्यातून तोडलं तरी खोडाला धुमारे फुटतात. आयुष्य मात्र वडा-पिंपळासारखं मोठं नाही. बी फार नाजूक असतं. ते काही दिवसच जिवंत राहतं, तेवढ्यात ओली माती मिळाली तरच रुजतं. म्हणून बी साठवून रोपवाटिका करायच्या भानगडीत पडू नये, फांदीच लावावी.

फर सावकाशीचं झाड. बियाणं रुजायला आधी ओल आणि कडक थंडी लागते. रोप पहिली काही वर्षं मोठ्या झाडांच्या सावलीत हळूहळू वाढतं. पुढं ते शंभर-दोनशे वर्षंही उभं राहतं. पण एकदा बुंध्यातून तोडलं की धुमारे फुटत नाहीत.

लाकूड : बॅट आणि पेटी

दोन्हींचं लाकूड मऊ आणि हलकं. म्हणूनच दोन्हींना घराच्या तुळईचा मान नाही. साग, ऐन, किंजळ यांच्या पंगतीत ती बसत नाहीत. पण हलक्या लाकडाची कामं वेगळी.

क्रिकेटची बॅट विलोचीच असते. इंग्लिश विलो आणि काश्मीर विलो ही नावं पोरांच्या तोंडात असतात. दोन्ही सॅलिक्स अल्बा या जातीच्या. हे लाकूड हलकं आणि चिवट असल्यानं चेंडू लागला की सहसा चिरफाळत नाही. काश्मीरमधल्या अनंतनाग आणि पुलवामा जिल्ह्यांत श्रीनगर-जम्मू महामार्गाच्या कडेला संगम, हलमुल्ला भागात बॅटचे कारखाने आहेत. आपलं वाळुंज याच विलोचं भाईबंद, पण जात वेगळी. त्याची बॅट बनवण्याचा धंदा नाही. त्यामुळं ‘बॅटसाठी विलो लावा, लाखो कमवा’ असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर पैसे गुंतवू नका. बॅटची विलो थंड हवेची आहे, ती आपल्याकडं तशी वाढणार नाही.

वाळुंजाच्या बारीक फांद्या टोपल्या विणायला चालतात. आपल्याकडं बांबू मुबलक असल्यानं त्याची फारशी गरज पडली नाही. पाला जनावरं खातात. उन्हाळ्यात चारा कमी पडला की फांद्या छाटून शेळ्यांना टाकता येतात.

फरचं लाकूड डोंगराळ भागात घरांच्या फळ्यांना, छपराच्या लाकडी कौलांना आणि पेट्यांना वापरत आले. पुठ्ठ्याचे खोके येण्याआधी हिमालयातली सफरचंदं ज्या लाकडी पेट्यांतून देशभर जात, त्यात फर आणि स्प्रूसचं लाकूड मोठ्या प्रमाणात असे.

औषध : एकाची साल, दुसऱ्याचं पान

विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचा कडू पदार्थ असतो. एडवर्ड स्टोन या इंग्लंडमधल्या पाद्रीनं विलोच्या सालीची पूड हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास जणांना देऊन पाहिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. १८२८ मध्ये जर्मनीत योहान बुखनर यानं सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं. पुढं त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळालं. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यानं त्यापासून अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात तयार केलं आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावानं विकलं जाऊ लागलं. आज हृदयविकाराच्या पेशंटला रक्त पातळ राहायला जी छोटी गोळी देतात, तिचा उगम असा विलोच्या सालीपाशी जातो. आपल्या वाळुंजाची सालही तापावर वापरली जात असे.

पण म्हणून वाळुंजाची साल उकळून पिऊ नका. सालीत औषध किती आहे ते झाडागणिक बदलतं. पोटात अल्सर असेल, दम्याचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर त्रास होऊ शकतो. लहान मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देत नाहीत. डेंग्यूच्या तापात तर अ‍ॅस्पिरिन टाळायचंच असतं, कारण रक्तस्राव वाढू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडं डेंग्यूचे पेशंट निघतात, तेव्हा ताप आला की आधी दवाखाना. आणि ज्यांना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिलंय त्यांनी ते मनानं बंद करू नये.

आता फरकडं येऊ. आयुर्वेदिक दुकानात खोकल्यासाठी तालीसादि चूर्ण मिळतं. त्यातलं तालीस म्हणजे फरचं पान. या चूर्णाचं पारंपरिक प्रमाण असं : तालीसपत्र १ भाग, मिरी २, सुंठ ३, पिंपळी ४, वंशलोचन ५, वेलदोडा अर्धा, दालचिनी अर्धा आणि खडीसाखर ३२ भाग. बेरीज केली तर ४८ भाग होतात. त्यात फरचं पान एकच भाग आणि साखर दोन तृतीयांश. त्यामुळं मधुमेह असलेल्यांनी ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून चमचे भरून खाऊ नये. वैद्यांना साखरेचं आधी सांगावं.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची. बाजारात तालीसपत्र म्हणून थुनेर या दुसऱ्या झाडाची पानंही विकली जातात. थुनेर म्हणजे हिमालयातलं यू, शास्त्रीय नाव टॅक्सस. त्याची पानं दिसायला फरसारखीच चपटी असतात, पण ती विषारी आहेत आणि हृदयावर परिणाम करतात. याच झाडाच्या गटातून कर्करोगावरचं टॅक्सॉल हे औषध मिळतं, पण ते कारखान्यात शुद्ध करून आणि दवाखान्यात मोजून देतात. फरच्या पानाच्या टोकाला खाच असते, खाली दोन पांढऱ्या रेघा असतात. थुनेरच्या पानाचं टोक अणकुचीदार, खालच्या रेघा फिकट हिरव्या. पूड झाली की मात्र डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून सुटा पाला किंवा यात्रेतली सुटी पूड घेऊ नये. परवाना क्रमांक असलेलं बंद पाकीट घ्यावं आणि वैद्यांच्या सल्ल्यानंच वापरावं.

फर आपल्याकडं लागेल का?

सरळ उत्तर : नाही.

आकडे बघा. पुणे जिल्ह्यातल्या किल्ल्यांत उंच समजला जाणारा आपला तोरणा १,४०३ मीटरचा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. उंचावरची फर जिथं सुरू होते ती उंची २,८०० मीटर. म्हणजे तोरण्यावर दुसरा तोरणा ठेवला तेव्हा कुठं फरचं रान लागेल. शिवाय तिथं हिवाळाभर बर्फ असतो, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर जातो. रायरेश्वराच्या पठारावर थंडीत दंव पडलं तरी तेवढ्यानं भागत नाही. सह्याद्रीच्या आपल्या भागात फर, पाइन, देवदार यातलं एकही झाड मूळचं नाही.

मग नर्सरीत मिळतं ते काय? बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक असतं.

• अरोकेरिया : मजल्या-मजल्यानं फांद्या येणारं, कुंडीत शोभणारं. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून हेच विकतात. मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. सूचिपर्णी आहे, पण फर नाही.
• मोरपंखी (थुजा) : चपट्या पंख्यासारखा पाला. हेही सूचिपर्णी, पण फर नाही.
• सुरू : लांबून सुयांसारखं दिसतं. सुया म्हणजे खरं तर बारीक फांद्या. समुद्रकिनाऱ्याचं सपुष्प झाड.
• सिल्व्हर ओक : ऑस्ट्रेलियातलं. ओकही नाही आणि फरही नाही.

दारात शोभेला यातलं एखादं लावलं तर काही बिघडत नाही. पण ‘फर’ म्हणून जादा पैसे मोजू नका आणि ओढ्याचा काठ धरायला यांच्या भरवशावर राहू नका.

वाळुंज काठाला काय देतं?

काठ सुटला की काय होतं हे ओढ्याकडेच्या शेतकऱ्याला सांगायला नको. एका पावसात बांध खचतो, दुसऱ्या पावसात भाताच्या खाचराचा कोपरा जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं, रानात मात्र कमी होतं. दगडी पिचिंगला किंवा गॅबियनच्या जाळीला खर्च मोठा येतो. वाळुंजाची मुळं हेच काम माती-पाण्याच्या सीमेवर करतात. खाली तंतूमुळं माती विणतात, वर लवचिक फांद्या पाण्याचा जोर कमी करतात, त्यामुळं गाळ काठालाच बसतो.

यासोबत बाकीचे फायदे आहेत. पाण्यावर सावली पडते, मुळांच्या जाळीत मासे आणि खेकड्यांना आसरा मिळतो. थंडीच्या दिवसांत फुलं कमी असताना मधमाश्यांना तुऱ्यांवर पराग मिळतो. लेपर्ड नावाचं केशरी, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू याच्या पानांवर अंडी घालतं.

तोटेही सांगायला हवेत. वाळुंज पाणी भरपूर ओढतं. विहिरीच्या कठड्याजवळ, सिमेंटच्या पाइपलाइनवर किंवा मोरीच्या तोंडाशी ते लावू नये. मुळं फटीत शिरतात. अरुंद ओढ्याच्या पात्रात मधोमध वाढलेल्या वाळुंजाला पुरात काडी-कचरा अडकतो आणि पाणी शेतात फिरतं. अशा जागची झाडं छाटणं योग्यच. पात्रातलं झाड आणि काठावरचं झाड, दोन्ही एकाच मापानं तोडायची नाहीत.

लावायचं कसं?

१. वेळ : पुराचं पाणी ओसरल्यावर, काठाला ओल असताना. भर पावसाळ्यात लावलेली फांदी लोंढ्यात जाते.
२. फांदी : अंगठ्याएवढी जाड, दीड-दोन हात लांब, निरोगी. खालचं टोक तिरकं कापावं.
३. रोवणी : पहारीनं भोक पाडून दोन तृतीयांश भाग जमिनीत, थोडी पाण्याच्या दिशेला कललेली. तीन-चार डोळे वर राहू द्यावेत. डोळ्यांची दिशा वर ठेवावी, फांदी उलटी रोवू नये.
४. अंतर : दोन-तीन हातांवर एक, दोन ओळी एकमेकींच्या आड.
५. निवड : फांद्या एकाच झाडाच्या घेऊ नयेत. नर-मादी दोन्ही झाडांच्या घ्याव्यात, म्हणजे पुढं बीही धरेल.
६. राखण : पहिली दोन वर्षं शेळ्या आणि म्हशींपासून काटेरी कुंपण.
७. जोडीला : पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, त्यावर करंज, उंबर, जांभूळ, आणि वरच्या बांधाला बांबू. एकट्या वाळुंजाच्या भरवशावर सगळा काठ सोडू नये.

कोरड्या मुरमाड बांधावर वाळुंज लावून उपयोग नाही. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी यांच्या फुगवट्याची जमीन पाटबंधारे खात्याकडं असते, तिथं लावण्याआधी विचारून घ्यावं.

तोडण्याआधी हे माहीत असू द्या

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, चिंच, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ती मालकीच्या रानात असली तरी परवानगी लागते. वाळुंज त्या यादीत नाही. म्हणजे कायद्यानं त्याला आंब्या-जांभळासारखं संरक्षण नाही. ते वाचेल की जाईल हे बऱ्याचदा शेतकरी आणि जेसीबीवाला यांच्यावरच ठरतं.

तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नदी-ओढ्याचं पात्र सरकारी असतं, तिथलं झाड आपल्या मालकीचं नाही. वनखात्याच्या हद्दीला वेगळे नियम लागतात. आणि भोर नगरपरिषदेच्या हद्दीत शहरी वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. शंका असेल तर तलाठी किंवा वनरक्षक यांना आधी विचारावं.

ओढा खोलीकरणाचं काम ग्रामपंचायतीमार्फत होत असेल तर काम सुरू होण्याआधी काठावरची ठेवायची झाडं चुन्यानं खुणावून घ्यावीत. त्याला खर्च चुन्याच्या पिशवीचा येतो.

एका नजरेत फरक

• गट : वाळुंज सपुष्प / फर अनावृतबीजी, शंकूधारी
• घर : नदी-ओढ्याचा काठ / बर्फाचा डोंगर
• पान : लांबट, खाली पांढुरकं, वर्षातून एकदा गळतं / चपटी सुई, बारमाही हिरवं
• नर-मादी : वेगवेगळ्या झाडांवर / एकाच झाडावर वेगवेगळे शंकू
• नवं झाड : फांदीपासून / बियांपासून
• तोडल्यावर : धुमारे फुटतात / फुटत नाहीत
• लाकूड : मऊ, हलकं, टोपलीसाठी / मऊ, हलकं, फळी व पेटीसाठी
• औषध : साल / पान
• भोर-वेल्ह्यात : लावा, राखा / लावू नका, शोधूही नका

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वाळुंजापासून उत्पन्न मिळतं का?*
रोख पैसा म्हणून फारसा नाही. चारा, जळण आणि काठ वाचणं हाच फायदा. रोख उत्पन्न हवं असेल तर वरच्या बांधाला बांबू लावा.

*वाळुंजामुळं विहिरीचं पाणी आटतं का?*
झाड पाणी ओढतं हे खरं. पण ओढ्याच्या काठावर ते वाहत्या पाण्यावर जगतं. विहिरीलगत मात्र लावू नका.

*नर्सरीत वाळुंज मिळतं का?*
शोभेच्या नर्सरीत सहसा नसतं. गरजही नाही. शेजारच्या गावच्या ओढ्याला झाड असेल तर चार फांद्या मागून आणा.

*महाबळेश्वरला फर लागेल का?*
नाही. महाबळेश्वर साधारण तोरण्याच्याच उंचीचं आहे.

ज्यांच्या ओढ्याला वाळुंज शिल्लक आहे त्यांनी या दिवाळीनंतर प्रत्येकी दहा फांद्या जरी शेजाऱ्याला दिल्या, तरी पुढच्या चार पावसाळ्यांत काठ बांधायचा बराच खर्च वाचेल.